गट नंबर पुरत नाही, भाऊ



रोवणा आटोपला, पराटीला दुसरा डवरा झाला, आता दोन दिवस उघाड आहे. तुडतुड्यावर लिहा म्हणून काही जणांचे फोन आले. ते पुढच्या पोस्टीत लिहितो. आज थोडं भांडायचं आहे.

परवा शेतीशाळेत मी सहज म्हटलं, आपल्या शिवारातल्या जागांची नावं, बोड्या, पांदणी, जुनी रिठी, भिवगडाचे पडके तट, हे सारं एकदा बसून नकाशावर चढवू. एक कृषी पदवीधर पोरगा हसला. पोरगा हुशार आहे, माझ्या मातीचा रिपोर्ट त्यानंच मला समजावून दिला होता. म्हणाला, "काकाजी, गट नंबर आहे, मोबाईलात लोकेशन आहे. नावं लिहून काय पोट भरते?" बाकीचेही हसले. मी तिथं गप्प बसलो, कारण चिडलो की मला नीट बोलता येत नाही.

पोट भरते की नाही ते नंतर पाहू. आधी जीव वाचते का ते पाहू.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्याकडे शेताची लाईन रात्रीची. शेजारचा भाऊ रात्री साडेअकराला बांधीत पाणी लावायला गेला आणि धुऱ्यावर साप चावला. गाडीला फोन केला. पलीकडून विचारणा झाली, "लोकेशन सांगा." आता अंधारात, पाय सुजत असताना, माणूस गट नंबर सांगेल काय? तो म्हणाला, "खैरीच्या अलीकडे, बोडीखालच्या वावरात." आपल्या भागात खैऱ्या किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. गाडी दुसऱ्याच खैरीच्या रस्त्याला लागली. ड्रायव्हर बिचारा मोबाईलातल्या नकाशावर बोडी शोधत होता, आणि त्या नकाशावर बोडी तर सोडाच, आमचा नालाही नव्हता. दिसत होतं एक रिसॉर्ट, एक धाबा आणि एक टॉवर. शेवटी पोरांनी मोटारसायकली फाट्यावर उभ्या केल्या, तेव्हा गाडी आली. चाळीस मिनिटं गेली. भाऊ वाचला, म्हणून आज हे लिहिता येते. त्या बोडीला गावात तीन पिढ्यांपासून नाव आहे. शेंबडं पोर सांगेल ती कुठं आहे. पण ते नाव कोणत्याच नकाशावर नाही, कारण आपण कोणाला कधी सांगितलं नाही आणि आपल्याला कोणी कधी विचारलं नाही.

आता त्या पोराच्या विषयाकडे येतो, म्हणजे मातीकडे.

आमच्या घरच्या जमिनीचे चार तुकडे. एकाला म्हणतात गोटाडी, एक खारी बांधी, एक बोडीखालचं, एक बरडी. मी माती तपासायला दिली. रिपोर्ट आला की खाऱ्या बांधीचा सामू जास्त, चुनखडी जास्त, निचरा कमी. पैसे भरून मला जे कळलं ते माझ्या आजीला नावातच कळत होतं. रिपोर्ट खोटा नाही, कामाचा आहे, किती जिप्सम टाकायचं ते त्यानंच सांगितलं. पण नमुना कुठून घ्यायचा, तुकडा कुठं बदलते, हे नावानं सांगितलं. गट एकच आहे. त्या एका गटात दोन नावं आहेत, कारण माती दोन आहे. गट नंबरवर विसंबून एकच नमुना काढला असता तर दोन्ही मातींची भेसळ करून सरासरी हातात आली असती, आणि ती सरासरी कोणत्याच तुकड्याची नसती.

इंग्रजांनी मध्यप्रांतात बंदोबस्त केला तेव्हा त्यांनीही जमिनीची प्रत लावताना काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी हीच आपल्या तोंडची नावं उचलली. त्यांना सारा वसूल करायचा होता, आपल्यावर प्रेम नव्हतं. तरी त्यांना कळलं की शेतकऱ्याच्या नावाशिवाय जमीन कळत नाही. आणि आजचं सांगतो. नागपुरात अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचा ब्यूरो आहे. तिथले शास्त्रज्ञ मातीच्या मालिकांना नावं कशी देतात? जिथं ती माती पहिल्यांदा नीट अभ्यासली त्या गावावरून, जागेवरून. लिंगा नावाची काळ्या मातीची मालिका आहे, ती लिंगा गावावरून. म्हणजे मातीचं विज्ञानसुद्धा गावाच्या नावावर उभं आहे. मग गावाच्या नावाला हसता कशाला?

नंबरची एक गंमत पहा. माझ्या आज्याच्या कागदावर एक खसरा नंबर, माझ्या सातबाऱ्यावर दुसरा, आणि भावाभावांत वाटण्या झाल्यावर त्याला आणखी फाटे. चार पिढ्यांत नंबर किती वेळा बदलला ते तलाठ्यालाच विचारावं लागते. बरडी मात्र बरडीच आहे.

नावाचा घोळ फक्त आपल्या धुऱ्यापुरता नाही. तालुक्याचंच घ्या. मराठीत कोणी पारशिवनी लिहिते, कोणी पारसिवनी, आणि इंग्रजी पाटी वाचून बाहेरचा माणूस 'परसेओनी कुठे आली' म्हणून विचारते. पेंचवरच्या आपल्या धरणाला प्रकल्पाच्या कागदात कामठी खैरी म्हणतात, आपण म्हणतो नवेगाव खैरी. दोन्ही माहीत असणाऱ्याला अडचण नाही. पण कालव्याच्या पाण्याचा अर्ज घेऊन गेलेल्या नव्या पोराला हे दोन वेगळे धरण वाटतात. हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. आणि तोतलाडोह? त्या नावात डोह आहे. नदीत डोह होता म्हणून नाव पडलं, आता तिथं धरणाचा एवढा मोठा जलाशय आहे. नाव नसतं तर पाण्याखाली काय होतं याची खूणही राहिली नसती.

लोकांना वाटते नकाशा म्हणजे आकाशातून काढलेला फोटो. नाही. नकाशा म्हणजे कोणाला तरी विचारून लिहिलेली गोष्ट. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज १८०२ मध्ये मद्रासपासून हिंदुस्थान मोजत निघाला. मोजत मोजत तो आपल्या विदर्भात आला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला मेला. त्याची कबर तिथंच आहे. त्याच्या लोकांनी टेकड्या मोजल्या, कोन मोजले, काटेकोर मोजले. पण कोन मोजून टेकडीचं नाव कळत नाही. ते कोणातरी गायक्याला, कोतवालाला विचारावंच लागते. आयर्लंडात त्याच शतकात मोजणी झाली तेव्हा जॉन ओडोनोव्हन नावाचा माणूस गावोगाव पायी फिरून म्हाताऱ्यांना नावं विचारत होता. ती नावं इंग्रजी कानाला जशी आली तशी छापली गेली, आणि लोक आजही त्यावर चिडतात. नॉर्वेत १९९० साली जागांच्या नावांचा कायदाच केला, आणि पुढे शेताच्या नावाचं स्पेलिंग काय असावं हे शेताच्या मालकानं ठरवायचं अशी दुरुस्ती झाली. शेताच्या मालकानं! आणि आपण, मालक असून, हसतो.

आता किल्ल्याकडे.

भिवगड आपल्या तालुक्यातला, पेंचच्या अंगाला टेकडीवर. मोबाईलात भिवगड शोधा. निघते तो रायगड जिल्ह्यातला, कर्जतजवळच्या वदप गावाचा भिवगड. त्याचे फोटो, त्याची वाट, कुठं नाश्ता मिळते ते सुद्धा. त्या किल्ल्याचा मला राग नाही. पण आपला भिवगड कुठं आहे? आपण ढोरं चारायला जातो तिथं आहे. पुण्या-मुंबईच्या पोरांनी त्यांचे गड लिहिले, मोजले, नकाशावर टाकले. आपल्या पोरांनी काय केलं? तटाच्या गोट्यावर बसून सेल्फी काढल्या आणि आपापली नावं दगडावर कोरली. नाव लिहायची हौस आहे आपल्याला, फक्त स्वतःचं.

दुसरी गोष्ट यापेक्षा वाईट. कुठंकुठं या भिवगडाला भीमगड लिहिलेलं दिसते. कोणीतरी 'शुद्ध' केलं. अरे बाबा, पेंचच्या काठी कुवारा भिवसेन आहे, गोंड समाजाचं देवस्थान. भिवसेनाला अनेक ठिकाणी पावसाचा देव मानतात. तो पांडवांतल्या भीमाशी जोडायचा की नाही हा वेगळा वाद आहे, तो ज्यांचा देव आहे त्यांनी सोडवावा. पण गडाच्या नावातला भिव कुठून आला असेल, हा विचार करायच्या आधीच तुम्ही त्याचा भीम करून टाकला तर गोष्ट तिथंच संपली. माझं मत विचाराल तर गडाचं नाव आणि देवाचं नाव एकाच झऱ्यातून आलं आहे. माझं मत चुकीचं असू शकते. म्हणूनच म्हणतो, जसं बोलतात तसं लिहा. पुढच्या माणसाला तपासायला काहीतरी राहू द्या.

नाव टिकलं तर काय होते ते शेजारच्या तालुक्यात पहा. रामटेकजवळचं नगरधन. वाकाटकांच्या ताम्रपटात नंदिवर्धन नावाची राजधानी येते. चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी दिली होती, तिचा एक ताम्रपट पुण्यात सापडला, आणि तो दिला होता नंदिवर्धनाहून. हे नंदिवर्धन कुठं शोधायचं? लोकांच्या तोंडी नगरधन होतं म्हणून माग लागला. अलीकडे २०१५ पासून तिथं खोदकाम झालं तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. पंधराशे वर्षं ते नाव कोणी सांभाळलं? एखाद्या कचेरीनं? नाही, तिथं नांगर धरणाऱ्यांनी.

त्याच ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे, शेतकऱ्याला लगेच कळेल अशी. दान दिलेल्या गावाच्या चारी दिशांना कोणकोणती गावं आहेत ते त्यात सांगितलं आहे. म्हणजे चतुःसीमा. आपण आजही विक्रीपत्रात लिहितो तीच. पूर्वेला अमक्याचं वावर, पश्चिमेला नाला, उत्तरेला पांदण. पंधराशे वर्षांमागच्या गावाचा ठिकाणा लावायला संशोधकांना त्या चतुःसीमेतली नावं लागली. नंबर असते तर काय केलं असतं त्यांनी?

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला जड जाते.

नायकुंड आपल्याच तालुक्यात. १९७० च्या दशकाच्या शेवटी डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं तिथं खोदलं. दगडी वर्तुळं होती, वस्ती होती, आणि लोखंड गाळायची भट्टी निघाली, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणेही निघाले. म्हणजे आपल्या पेंचकाठी तेव्हाही कोणीतरी पेरत होतं, लोखंडाची अवजारं करत होतं. असली गोट्यांची वर्तुळं नागपूरच्या आसपास पुष्कळ आहेत. आमच्या शिवारातही दोन होती. म्हातारे त्या जागेला वेगळ्या नावानं हाक मारत, आणि तिथं नांगर घालत नसत. आमच्या पिढीला ते नाव माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी विहीर बांधली तेव्हा त्यातल्या एका वर्तुळाचे गोटे बैलगाडीनं आणले. मी गाडीवर होतो, दहा वर्षांचा, मजा वाटली होती. आज त्या विहिरीचं पाणी मी मिरचीला देतो. वडिलांना दोष देत नाही, त्यांना तो फक्त गोट्याचा ढीग दिसला. गोट्याच्या ढिगाला जुनं नाव राहिलं असतं तर ते थांबले असते. ते देवभोळे होते, नक्की थांबले असते.

असं वर्तुळ सरकारी नकाशावर सापडणार नाही. पन्नास हजारांच्या पट्टीचा टोपोशीट घ्या, आपला भाग ५५ ओ/३ मध्ये येते. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. वीस मीटरचं वर्तुळ तिथं अर्धा मिलिमीटरही होत नाही. पण गावनकाशा मैलाला सोळा इंच पट्टीचा आहे, त्यावर तेच वर्तुळ पाच मिलिमीटर, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढं होते. म्हणून हे काम दिल्लीचं नाही, डेहराडूनचंही नाही. गावनकाशा ज्याच्या हाती आहे त्याचं आहे.

इथं दोन जण मला थांबवतील, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पहिला म्हणेल, "नकाशावर टाकलं की सरकार येईल, वावर जाईल." भीती खरी आहे. आपल्याकडे झुडपी जंगल या दोन शब्दांनी किती लोकांचे कागद अडकवले ते सांगायची गरज नाही. पण नीट समजून घ्या. नाव नोंदवणं वेगळं आणि संरक्षित स्मारक जाहीर होणं वेगळं. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात आधी राजपत्रात दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकती मागवतात. शंभर मीटरच्या आत बांधकामबंदी आहे ती केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती, तुमच्या नोंदवहीतल्या प्रत्येक गोट्याभोवती नाही. उलट अंगानं विचार करा. वन हक्काच्या २००६ च्या कायद्याखाली दावा करताना पुरावा म्हणून काय चालते? पवित्र झाडं, तळी, दहन-दफनाच्या जागा, जुन्या बांधकामांचे अवशेष, आणि म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. म्हणजे आपण ज्याला गप्पा म्हणतो तोच पुरावा. आपल्या विदर्भासाठी जमीन महसूल अधिनियमात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहे. वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, गावाची रीत तिथं लिहिलेली असते. किती जणांनी आपल्या मौजाचं वाजिब-उल-अर्ज उघडून पाहिलं? पांदणीवर अतिक्रमण झालं की आपण तहसीलला जातो आणि सांगतो, "इथून जुना रस्ता होता." कोणता रस्ता? नाव काय? आपल्यालाच दोन नावं आठवतात, तिसरा म्हणते असा रस्ताच नव्हता. ज्याचं नाव कागदावर नाही ते आधी हरवते आणि मग कोणाच्या तरी कुंपणात सापडते.

दुसरा म्हणेल, "जागा उघड केली की गुप्तधनवाले येतील कुदळ घेऊन." याच्याशी मी सहमत आहे. ही विकृती आपल्या भागात आहे. म्हणून माझं म्हणणं असं, किल्ला, बोडी, पांदण, नाला, टेकडी, देवस्थान, रिठी, हे खुल्या नकाशावर टाका. ते सगळ्यांना दिसतच आहे. पण दगडी वर्तुळ, दफनाची जागा, जिथं खापरं-मणी निघतात ती जागा, ही फक्त गावाच्या वहीत ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. फेसबुकवर पिन टाकू नका. माझ्या या पोस्टीतही मी आमच्या वर्तुळाची जागा सांगितली नाही, आणि विचारलं तरी सांगणार नाही.

परवानगीचं काय, असं एकानं विचारलं होतं. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं नियम मोकळे केले. संरक्षणाच्या संवेदनशील गोष्टी सोडल्या तर भारतीय माणसाला नकाशाची माहिती गोळा करायला आधी परवानगी मागावी लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपसारखा खुला नकाशा आहे, त्यात मराठी नाव मराठीतच लिहिता येते. तेव्हा 'सरकार करू देत नाही' हे कारण आता चालणार नाही.

मी काय करतो ते सांगतो, ज्याला पटेल त्यानं करावं. एक साधी वही आहे. मोबाईलात जागेचा आकडा घेतो, पण आधी नाव ऐकतो, आणि जमलं तर आवाज रेकॉर्ड करतो, कारण आपल्या बोलीतला उच्चार लिहिताना सुटते. कोणी सांगितलं, त्याचं वय काय, हे लिहितो. नाव सुधारत नाही. 'नाला' म्हणत असतील तर 'ओढा' करत नाही, 'माय' म्हणत असतील तर 'माता' करत नाही. आणि विचारायचं तर रोवण्याला जाणाऱ्या बायांना आणि गायक्याला विचारा. पाटलाच्या ओट्यावर बसणाऱ्याला गावाच्या वेशीची नावं माहीत असतात. कोणत्या बांधीत पाय कुठं फसते, मोहाचं कोणतं झाड कोणत्या खोऱ्यात आहे, हे बायांना माहीत असते. माझ्या वहीत आतापर्यंत जी नावं आली त्यातली निम्म्याहून जास्त बायांनी सांगितली. मी साठ वर्षं या शिवारात आहे, त्यातली कितीतरी मी पहिल्यांदा ऐकली.

त्या पदवीधर पोराला मी वही दाखवली. आता तो म्हणतो, मातीच्या नमुन्याच्या पिशवीवर गट नंबरसोबत वावराचं नावही लिहू. म्हटलं, लिही बाबा. मग म्हणाला, "पण काकाजी, ही बरडी आणि ती बरडी वेगळी कशी ओळखायची?" हा मात्र खरा प्रश्न आहे. आमच्या शिवारात बरडी तीन आहेत. आता आम्ही 'आंब्याची बरडी', 'नाल्याकडची बरडी' असं लिहितो, गावातही लोक तसंच म्हणतात.

रविवारी सकाळी रिठीकडून नाल्यापर्यंत चालायचं आहे. ऊन व्हायच्या आत परत येऊ, ज्याला यायचं त्यानं पायात बूट घालून यावं, गवत वाढलं आहे. त्या नाल्याच्या वळणाला एक म्हातारी 'घोडधुवणी' म्हणते, आणि तिचाच सख्खा भाऊ 'घोडबुडी' म्हणते. दोघं मागच्या आठवड्यात माझ्यासमोर भांडले. तिचं म्हणणं, गडावरची घोडी तिथं धूत. त्याचं म्हणणं, तिथं एक घोडं बुडालं. वहीत मी दोन्ही नावं लिहिली आहेत. तुमच्या आज्या-आजोबांनी तिसरं काही सांगितलं असेल तर फोन करा, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा मी बांधीत नसतो.